एका आयरिश आडनांवाची कथा आणि तिचा बोध

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं आपल्या देवळाचा इतिहास मीं सांगावा, अशी कित्येकांची अपेक्षा असेल. परंतु तें कार्य माझ्याहून अधिक जाणत्या अशा वडीलधाऱ्या मंडळींनीं आतांच आपणांपुढें उत्तम रीतीनें पार पाडलें आहे. मला विषय निवडण्याची मोकळीक महोत्सव-समितीनें दिली होती. मीं जो विषय निवडला आहे तो ऐकून प्रथम आपणांस नवल वाटेल. मी आज एका आडनांवाविषयीं बोलणार आहें, आणि तें आडनांव आपल्या धर्मग्रामांत कोणाचेंहि नाहीं. आयर्लंड देशांतील ‘फिट्झपॅट्रिक’ हें तें आडनांव होय.

हा विषय मला सुचला तो आपल्याच स्नानसंस्काराच्या नोंदवह्यांवरून. महोत्सवाच्या तयारीसाठीं गेले कांहीं महिने मी त्या वह्या चाळीत होतों. मदतीस येणाऱ्या तरुणांपैकीं एकानें एके दिवशीं मला विचारलें, “फादर, हीं सगळीं आडनांवें पोर्तुगीज. यांत आपलें असें काय आहे? शहरांत कामाच्या ठिकाणीं लोक विचारतात, ‘तुम्ही घरीं मराठी बोलतां, मग आडनांव असें कसें?’ तेव्हां मला उत्तर देतां येत नाहीं.” त्याच्या बोलण्यांत थट्टा नव्हती, खंत होती. मलाहि त्या वेळीं नीटसें उत्तर देतां आलें नाहीं. रात्रीं मात्र सेमिनरींत शिकत असतांना वाचलेली या आयरिश आडनांवाची हकीकत मला आठवली, आणि तिच्यांत त्या मुलाच्या प्रश्नाचें उत्तर आहे असें वाटलें. तें उत्तर मी आज त्याला, व त्याच्या निमित्तानें आपणां सर्वांना, देऊं इच्छितों.

आयर्लंडची मूळ भाषा गेलिक. वंशपरंपरेनें चालणारीं आडनांवें युरोपांत ज्या देशांत फार लवकर रूढ झालीं, त्यांत आयर्लंडची गणना होते. दहाव्या व अकराव्या शतकांत तीं तेथें स्थिर होऊं लागलीं. या आडनांवांच्या आरंभीं बहुधा दोहोंपैकीं एक शब्द असतो. ‘मॅक’ म्हणजे पुत्र, आणि ‘ओ’ म्हणजे नातू किंवा वंशज. ‘ओ क्लेरी’ हें त्यांतील अति प्राचीन आडनांव. त्या घराण्यांतील एका सरदाराच्या मृत्यूची नोंद आयरिश बखरींत इ. स. ९१६ सालीं झालेली आहे, आणि त्या आडनांवाच्या मूळ शब्दाचा अर्थ ‘धर्मसेवेस वाहिलेला मनुष्य’ असाच आहे. मुलीच्या नांवापुढें मात्र ‘मॅक’ लागत नाहीं. तिच्यासाठीं ‘निक’ असें निराळें रूप आहे, कारण ती पुत्र नव्हे, कन्या आहे. यावरून इतकें ध्यानांत येईल कीं, त्या लोकांना आपल्या नांवाचा अर्थ कळत होता. नांव ही केवळ खूण नव्हती. तें एक लहानसें वाक्यच होतें.

आतां आपल्या विषयाकडे वळूं. ‘फिट्झपॅट्रिक’ हें आज दिसणारें रूप मूळचें नव्हे. मूळ आडनांव ‘मॅक गिल्ला फाद्रिग’ असें आहे. त्याचे तीन भाग आहेत. ‘मॅक’ म्हणजे पुत्र हें आपण पाहिलें. शेवटचा ‘फाद्रिग’ म्हणजे संत पॅट्रिक. आयरिश भाषेंत त्यांचें नांव ‘पाद्रिग’ आहे, पण ‘पाद्रिगचा’ असें म्हणावयाचें झालें कीं आरंभींच्या ‘प’ चा ‘फ’ होतो. आपल्या मराठींत ‘घोडा’ या शब्दाला प्रत्यय लागला म्हणजे ‘घोड्याचा’ असा शब्दाच्या शेवटीं फरक पडतो. आयरिश भाषेंत तसा फरक शब्दाच्या तोंडाशीं पडतो, एवढेंच. जातां जातां एक गंमत सांगतों. ‘पाद्रिग’ ऐकून आपणांपैकीं कित्येकांस ‘पाद्री’ हा शब्द आठवला असेल. पाद्री हा शब्द पोर्तुगीजांनीं आणिला, आणि तो ‘पिता’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला. पॅट्रिक हें नांवहि ‘कुलीन’ अशा अर्थाच्या ज्या लॅटिन शब्दापासून झालें, त्याचें मूळ त्या ‘पिता’ शब्दांतच आहे. तेव्हां या दोन शब्दांचें दूरचें कां होईना, पण नातें आहे खरें.

राहिला मधला शब्द, ‘गिल्ला’. बंधूंनो, माझें सारें भाषण या एका शब्दाभोवतीं आहे. गिल्ला म्हणजे मूळांत तरुण मुलगा, आणि त्यावरून सेवक, हाताखालचा माणूस. मराठींतील ‘गडी’ हा शब्द आपण जसा दोन्ही अर्थांनीं वापरतों तसाच. ‘गडी मोठा शूर’ असेंहि आपण म्हणतों, आणि ‘घरीं दोन गडी कामाला आहेत’ असेंहि म्हणतों. स्कॉटलंडांत शिकारी किंवा मासे धरणारा हौशी धनिक यांच्याबरोबर ओझें घेऊन वाट दाखवीत जाणाऱ्या माणसाला आजहि ‘गिली’ म्हणतात, तो हाच शब्द. म्हणून ‘मॅक गिल्ला फाद्रिग’ याचा सरळ अर्थ असा: ‘संत पॅट्रिकच्या गड्याचा पुत्र’.

आपल्या घराण्याला गड्याचें घराणें म्हणवून घेणारे हे लोक कोण होते? ते नोकरचाकर नव्हते. ते राजे होते. पण तें सांगण्यापूर्वीं ही पद्धति कां पडली तें पाहूं. जुन्या आयरिश लोकांस आपल्या मुलाला ‘पॅट्रिक’ असें नुसतें नांव ठेवणें धाडसाचें वाटे. एवढ्या मोठ्या संताचें नांव आपल्या पोरानें उघडें कसें घ्यावें? म्हणून ते त्याला पॅट्रिकचा सेवक म्हणत. हा संकोच कित्येक शतकें टिकला. पवित्र मरियेच्या बाबतींत तर तो आजहि भाषेंत उमटलेला आहे. तिचें आयरिश नांव ‘मुरे’ असें आहे, व तें तिच्यासाठींच राखून ठेविलेलें आहे. मनुष्याच्या मुलीला ‘मॉरे’ असें थोडें निराळें नांव देतात. या आदरांतून आयर्लंडांत व स्कॉटलंडांत सेवकांच्या आडनांवांची एक माळच निर्माण झाली. गिल्क्रिस्ट म्हणजे ख्रिस्ताचा सेवक. गिलमोर या आडनांवाचें एक मूळ ‘मरियेच्या सेवकाचा पुत्र’ असें आहे. मॅकब्राइड म्हणजे संत ब्रिजिडच्या सेवकाचा पुत्र. गिलेस्पी म्हणजे बिशपच्या सेवकाचा पुत्र. मेरी मॅकलीस या बाई १९९७ पासून २०११ पर्यंत आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्षा होत्या. त्यांच्या सासरच्या आडनांवाचा अर्थ ‘येशूच्या सेवकाचा पुत्र’ असा आहे. देशाच्या सर्वोच्च पदावरील व्यक्तीच्या नांवांतच ‘सेवक’ हा शब्द दडलेला असावा, हें मला फार मनोहर वाटतें.

‘गिल्ला’च्या आधींची अशाच अर्थाची आणखी एक रीत होती. तींत ‘मील’ हा शब्द वापरीत. त्याचा अर्थ ‘बोडका’, म्हणजे संन्यस्तांप्रमाणें डोक्यावरचे केस काढलेला, व म्हणून भक्त. मलोन हें आडनांव त्यांतलें. त्याचा अर्थ ‘संत योहानाच्या भक्ताचा वंशज’. आपल्या देशांतहि रामदास, कृष्णदास अशीं नांवें पूर्वापार आहेत, आणि येशुदास हें नांव तर आपण सर्वांनीं ऐकलेलें आहे. तेव्हां ही भावना आपणांस परकी नाहीं.

येथें आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. संत पॅट्रिक स्वतःच एके काळीं गुलाम होते. पांचव्या शतकांतील हा संत जन्मानें आयरिश नव्हे. ते ब्रिटनमध्यें रोमी कुटुंबांत जन्मले, त्यांचे वडील डीकन व आजे धर्मगुरु होते. सुमारें सोळा वर्षांचे असतांना चांच्यांनीं त्यांस पळवून आयर्लंडांत नेलें, आणि सहा वर्षें त्यांनीं तेथें दुसऱ्याचीं गुरेंमेंढरें राखिलीं. पुढें ते निसटून घरीं गेले. पण ज्या देशानें त्यांस गुलाम केलें होतें त्याच देशांत ते बिशप होऊन परत आले, आणि तेथेंच त्यांनीं देह झिजविला. ही कहाणी त्यांनीं आपल्या हातानें लिहून ठेविलेली आहे. अशा संताचा सेवक म्हणजे दासाचाहि दास झाला. थोर संत ग्रेगरी यांच्या काळापासून परमगुरुस्वामी स्वतःला ‘देवाच्या सेवकांचा सेवक’ असें लिहीत आले आहेत. त्याच भावनेचें हें एक लहानसें घरगुती रूप होय.

आतां त्या राजघराण्याकडे येऊं. आयर्लंडच्या आग्नेय भागांत नोर नदीच्या कांठीं ऑसरी नांवाचें एक प्राचीन राज्य होतें. आजचा किलकेनी जिल्हा व लीश जिल्ह्याचा कांहीं भाग मिळून तें होई. राज्य केव्हांच लयास गेलें, पण ऑसरी हें नांव मात्र तेथील कॅथलिक धर्मप्रांतानें आजवर जपून ठेविलें आहे. दहाव्या शतकांत तेथें गिल्ला पाद्रिग नांवाचा राजा होऊन गेला. तो ९९६ सालीं मृत्यु पावला. त्याचा पुत्र डॉनखा याचा प्रताप एवढा वाढला कीं, १०३३ सालीं शेजारच्या लेन्स्टर राज्याचेंहि राजपद त्यानें मिळविलें. याच गिल्ला पाद्रिगच्या वंशजांनीं ‘मॅक गिल्ला फाद्रिग’ हें आडनांव धारण केलें.

बंधुभगिनींनो, नांव सेवकाचें असलें म्हणून वृत्तीहि सेवकाची असते असें नाहीं, हें आपणांपासून मी लपवून ठेवीत नाहीं. १०१४ सालीं क्लॉन्टार्फच्या मोठ्या लढाईनंतर मन्स्टरचें जखमी सैन्य घरीं परतत असतांना ऑसरीच्या लोकांनीं त्याची वाट अडविली, असें एका जुन्या आयरिश ग्रंथांत वर्णन आहे. जखमी शिपायांनीं आपणांस खांबांना बांधून उभें करावें म्हणजे उभ्यानें लढतां येईल अशी मागणी केली, व तें पाहून अडविणारेच मागें सरले. ११६८ सालीं तर या घराण्यानें आपल्या वैरी राजाच्या पुत्राचे डोळे काढविले. संताचा गडी म्हणवून घ्यावें आणि असें वागावें! परंतु आपण त्यांस हंसूं नये. आपणहि सर्व जण ‘ख्रिस्ती’ हें नांव धारण करितों, आणि त्या नांवाला आपण रोज किती जागतों हें आपणांस ठाऊक आहे.

११६९ सालीं नॉर्मन सरदार आयर्लंडांत उतरले. हळूहळू त्यांनीं किलकेनीची सुपीक भूमि घेतली, व हें घराणें उत्तरेकडील डोंगराळ भागांत मागें हटलें. पुढें इंग्रजी राजसत्तेची दृष्टि लोकांच्या नांवांकडेहि वळली. १४६५ सालच्या एका कायद्यानें डब्लिनच्या भोंवतालच्या इंग्रजी अमलाखालील प्रदेशांत राहणाऱ्या आयरिश लोकांस हुकूम झाला कीं, त्यांनीं इंग्रजी आडनांव घ्यावें. तें एखाद्या गांवाचें असावें, काळा-पांढरा अशा रंगाचें असावें, किंवा लोहार-सुतार अशा धंद्याचें असावें. ज्या लोकांचें नांव एक वाक्य होतें, त्यांस तें टाकून रंगाची चिठ्ठी चिकटवून घेण्यास सांगण्यांत आलें. मनुष्याची जमीन घेण्यापूर्वीं त्याचें नांव बदलावें, हें जगांतील पुष्कळ राज्यकर्त्यांस सुचलेलें आहे.

१५४१ सालीं इंग्लंडचा आठवा हेन्री आयर्लंडचाहि राजा झाला. त्याच्या अधिकाऱ्यांनीं एक नवी व्यवस्था काढली. आयरिश सरदारानें आपली भूमि राजाच्या स्वाधीन करावी, आपली गेलिक पदवी सोडावी, इंग्रजी पोषाख व रीतिरिवाज स्वीकारावे, आणि मग तीच भूमि राजाकडून सनदेनें परत घ्यावी. त्या वेळीं आपल्या घराण्याचा प्रमुख ब्रायन मॅक गिल्ला फाद्रिग हा होता. त्यानें ही व्यवस्था पत्करली, आणि त्याच वर्षाच्या जून महिन्यांत तो ‘अपर ऑसरीचा बॅरन’ झाला. ब्रायनचा ‘बार्नबी’ झाला, आणि ‘मॅक गिल्ला फाद्रिग’चें ‘फिट्झपॅट्रिक’ झालें.

या बदलाकडे नीट पहा. ‘फिट्झ’ हा नॉर्मन फ्रेंच भाषेंतील ‘पुत्र’ या अर्थाचा शब्द. फिट्झजेरल्ड, फिट्झगिबन अशीं जीं आडनांवें आहेत, तीं नॉर्मन कुळांतून आलेलीं. आज प्रचलित असलेल्या ‘फिट्झ’च्या आडनांवांत गेलिक मूळाचें असें हें एकच, असें आडनांवांचे अभ्यासक मानतात. तेव्हां ‘मॅक’चें भाषांतर झालें, ‘पाद्रिग’चें पॅट्रिक झालें, आणि मधला ‘गिल्ला’ गेला. त्याचें भाषांतर झालें नाहीं. तो नुसता गळून पडला. ‘पॅट्रिकच्या सेवकाचा पुत्र’ होता तो ‘पॅट्रिकचा पुत्र’ झाला. ऐकणाऱ्यास वाटावें कीं पॅट्रिक नांवाचा कोणी नॉर्मन सरदार या घराण्याचा मूळपुरुष असेल. कोणी मुद्दाम असें केलें असेल असें मी म्हणत नाहीं. मोठ्या सत्तेपुढें लहानांस वांकावें लागतें, आणि परक्याच्या जिभेला लांब नांव जड जातें. परंतु योगायोग पहा. ज्या वर्षीं या घराण्याला सरदारकी मिळाली, त्याच सुमारास त्याच्या नांवांतून ‘सेवक’ हा शब्द नाहींसा झाला.

नव्या बॅरनचा मुलगा, तोहि बार्नबीच, लहानपणीं लंडनच्या दरबारीं पाठविण्यांत आला. राजपुत्र एडवर्ड याच्याबरोबर तो शिकला. राजपुत्राच्या चुकीबद्दल मार मात्र हा खात असे, अशी एक आख्यायिका आहे. एडवर्ड राजा झाल्यावरहि त्यांचें सख्य टिकलें. बार्नबी फ्रान्सच्या दरबारीं गेला असतांना एडवर्डनें त्याला लिहिलेलीं पत्रें आजहि उपलब्ध आहेत, आणि त्यांत मिस्सेपासून दूर राहण्याचा उपदेशहि आहे. संत पॅट्रिकच्या गड्याचा वंशज, आणि त्याला मित्र सांगतो कीं मिस्सेस जाऊं नकोस! हा बार्नबी पुढें राणी एलिझाबेथच्या बाजूनें लढला व १५८१ सालीं वारला.

पण या घराण्याची कथा येथें संपत नाहीं. संपली असती तर मीं ती आपणांस सांगितली नसती. सुमारें १५८० सालीं याच कुळांत आणखी एक ब्रायन जन्मास आला. तो धर्मगुरु झाला, आणि कविहि होता. आयरिश भाषेंतील जुन्या कवितांची त्यानें नक्कल करून ठेविली. इंग्रजी वेषाची व डौलाची नक्कल करणाऱ्या स्वकीयांवर त्यानें रचलेली उपहासाची कविता आजहि आयरिश काव्यसंग्रहांत वाचावयास मिळते. १६४९ सालीं क्रॉम्वेल सैन्य घेऊन आयर्लंडांत उतरला. १६५० च्या मार्च महिन्यांत किलकेनी शहर पडलें. पुढच्याच महिन्यांत ऑसरीचे वृद्ध बिशप डेव्हिड रोथ निवर्तले, आणि कांहीं काळानें त्या अनाथ धर्मप्रांताचा भार फादर ब्रायन यांच्यावर आला. तो मानाचा मुकुट नव्हता. बिशपचें घर नाहीं, देवळें शत्रूच्या हातांत, आणि धर्मगुरु लपूनछपून मिस्सा करणारे. १६५३ सालीं तर धर्मगुरूंनीं वीस दिवसांच्या आंत देश सोडावा, नाहींतर त्यांस राजद्रोही समजण्यांत येईल असा हुकूम निघाला. फादर ब्रायन सत्तरीच्या घरांत होते. त्यांनीं आपला कळप सोडला नाहीं. याच काळांत क्रॉम्वेलच्या सैनिकांनीं त्यांचा शिरच्छेद केला.

आयरिश वाङ्मयाच्या इतिहासांत या धर्मगुरूचें नांव ‘फिट्झपॅट्रिक’ असें लिहीत नाहींत. तेथें ते ‘ब्रायन मॅक गिल्ला फाद्रिग’ आहेत. घराण्यानें सरदारकीच्या दारांत जो शब्द टाकून दिला होता तो या वृद्ध धर्मगुरूनें उचलला, आणि आपल्या रक्तानें तो पुनः आपल्या नांवांत लिहिला. शंभर वर्षांपूर्वीं एका ब्रायननें ‘सेवक’ हा शब्द देऊन जहागीर घेतली होती. दुसऱ्या ब्रायननें प्राण देऊन ‘सेवक’ हा शब्द परत घेतला.

पुढची हकीकत थोडक्यांत सांगतों. सतराव्या व अठराव्या शतकांत दडपशाहीमुळें कित्येक आयरिश घराण्यांनीं आपले ‘मॅक’ व ‘ओ’ टाकून दिले. १८४५ पासूनच्या भयंकर दुष्काळांत सुमारें दहा लक्ष लोक मेले, व त्याहून अधिक लोक देशांतर करून गेले. त्यांच्याबरोबर फिट्झपॅट्रिक हें नांव अमेरिकेंत, ऑस्ट्रेलियांत, जगाच्या चारी दिशांस पसरलें. आयरिश लोक शिपाई होऊन आपल्या महाराष्ट्रांतहि आले. पुण्यांतील संत पॅट्रिकचें देऊळ १८५० सालीं बांधण्यांत आलें तें आयरिश कॅथलिक शिपायांसाठींच. आज तें पुणें धर्मप्रांताचें कथीड्रल आहे, आणि ज्या संताचा गडी म्हणवून घेण्यांत ऑसरीच्या राजांना भूषण वाटे, त्या संताच्या छायेखालीं आज मराठी माणसें गुडघे टेकतात. १८९३ सालीं आयर्लंडांत गेलिक भाषेच्या पुनरुज्जीवनासाठीं संस्था स्थापन झाली, तेव्हांपासून तेथील कित्येक लोक आपलें जुनें आडनांव आयरिश भाषेंत पुनः लिहूं लागले. हरवलेला ‘गिल्ला’ असा हळूहळू घरीं परतत आहे.

आतां त्या तरुणाच्या प्रश्नाकडे येतों. आपलीं आडनांवें परक्यांनीं दिलेलीं आहेत, हें खरें. १५३४ च्या तहानें वसईचा प्रदेश पोर्तुगीजांकडे गेला, आणि १७३९ सालीं मराठ्यांनीं तो जिंकीपर्यंत तेथें त्यांचा अंमल होता. त्या काळांत स्नानसंस्कार घेणाऱ्यास बहुधा धर्मपित्याचें किंवा धर्मगुरूचें आडनांव मिळे. पण त्या आडनांवांनाहि अर्थ आहे. फर्नांडिस म्हणजे फर्नांदोचा पुत्र, रॉड्रिग्ज म्हणजे रॉड्रिगोचा पुत्र, गोन्साल्विस म्हणजे गोन्सालोचा पुत्र. आयरिश ‘मॅक’ जें काम नांवाच्या आरंभीं करितो, तेंच काम येथें शेवटचा ‘इस’ करितो. परेरा म्हणजे नासपतीचें झाड. यांत ओशाळण्यासारखें कांहीं नाहीं, आणि गर्व करण्यासारखेंहि कांहीं नाहीं. तीं दुसऱ्यांच्या हातून आपणांकडे आलीं. तीं आपलीं कशीं होतात, हा खरा प्रश्न आहे.

याचें उत्तर वसईच्या सुपुत्रानें, संत गोन्सालो गार्सिया यांनीं, दिलेलें आहे. त्यांचें नांव व आडनांव दोन्ही समुद्रापलीकडचीं. ते धर्मगुरुहि नव्हते. फ्रान्सिस्कन संघाचे ते साधे बंधु होते, आणि जपानी भाषा येत असल्यामुळें आपल्या धर्मगुरूंचे दुभाषी म्हणून सेवा करीत होते. १५९७ च्या फेब्रुवारीच्या ५ तारखेस नागासाकी येथें त्यांनीं क्रुसावर प्राण दिला, आणि १८६२ सालीं ख्रिस्तसभेनें त्यांस संत म्हणून जाहीर केलें. गार्सिया हें नांव आज आपलें आहे कीं परक्याचें, असें वसईंत कोणी विचारतो काय? एका सेवकानें तें नांव आपलें करून टाकिलें.

बंधुभगिनींनो, हा बोध मी आपणांस उंचावरून करीत नाहीं. मी नवा नवा धर्मगुरु झालों होतों त्या काळची गोष्ट आहे. दुसऱ्या एका धर्मग्रामांत मी साहाय्यक होतों. पावसाळ्यांतील एका रात्रीं एक म्हातारा दारीं आला. त्याची बायको अत्यवस्थ होती, तिला अंत्यसंस्कार द्यावा म्हणून तो दोन मैल चालत आला होता. दिवसभराच्या कामानें मी थकलों होतों. मीं त्याला म्हटलें, “पहाटेच्या मिस्सेनंतर लगेच येतों.” तो कांहीं बोलला नाहीं. “बरें, फादर,” एवढेंच म्हणून पावसांतून परत गेला. सकाळीं मी पोहोंचलों तेव्हां ती बाई देवाघरीं गेली होती. त्या म्हाताऱ्यानें मला एका शब्दानेंहि दोष दिला नाहीं. उलट ओल्या पायांनीं आलों म्हणून त्यानें मला पाय पुसावयास कोरडें फडकें दिलें. त्या घरांत त्या सकाळीं सेवक कोण होता, हें मला सांगावयास नको. माझ्या नांवामागें ‘फादर’ ही पदवी लागली होती, आणि माझ्यांतील ‘गिल्ला’ गळून पडला होता. तीस वर्षें होत आलीं, पण दारावर रात्रीं थाप पडली कीं मला ते ओले पाय आठवतात, आणि मी उठतों.

आज आपण पन्नास वर्षांचा उत्सव करीत आहों. शिलालेखावर महागुरुस्वामींचीं व धर्मगुरूंचीं नांवें आहेत, देणगीदारांचीं आहेत. तें योग्यच आहे. परंतु पन्नास वर्षें पहाटे उठून ज्यांनीं घंटा वाजविली, वेदीवरचीं वस्त्रें ज्यांनीं घरीं नेऊन धुतलीं, भाताच्या कापणीच्या दिवसांतहि संध्याकाळीं ज्यांनीं मुलांना धर्मशिक्षण दिलें, आजाऱ्याच्या उशाशीं बसून ज्यांनीं रोजारीची प्रार्थना म्हटली, त्यांचीं नांवें कोठें कोरलेलीं आहेत? तीं देवाच्या वहींत आहेत, आणि त्या वहींत त्यांच्या आडनांवाचा मधला शब्द गळालेला नाहीं.

म्हणून त्या माझ्या तरुण मित्राला मी सांगतों: बाळा, पुढच्या वेळीं कोणी तुझ्या आडनांवाविषयीं विचारलें तर ओशाळूं नकोस, आणि रागावूंहि नकोस. त्याला सांग कीं, हें नांव माझ्या पूर्वजांस स्नानसंस्काराच्या वेळीं मिळालें, आणि तेव्हांपासून माझे लोक याच मातींत, याच भाषेंत देवाची प्रार्थना करीत आले. मग घरीं येऊन आपल्या नांवांत ‘सेवक’ हा शब्द आहे कीं गळाला आहे तें पहा. गळाला असेल तर तो परत लिहावयास सरकारी कचेरींत अर्ज करावा लागत नाहीं. शेजारचें एखादें दुःखी घर पुरतें.

पवित्र मरिया, जिनें देवदूताला ‘मी प्रभूची दासी’ असें उत्तर दिलें, ती आपणां सर्वांस हा शब्द जपण्याची कृपा मिळवून देवो. पुढच्या पन्नास वर्षांनीं या देवळाचा शतसांवत्सरिक उत्सव होईल, तेव्हां येथें जमणाऱ्या आपल्या नातवंडांना त्यांच्या नोंदवहींत सेवकांचीं नांवें वाचावयास मिळोत, एवढी प्रभुचरणीं प्रार्थना करून मी आपली रजा घेतों.